युरियाचा दुसरा हप्ता कशासाठी?

सोयाबीन पेरून पंचवीस-तीस दिवस झाले, पहिली डवरणी उरकली, तणनाशक मारून झाले, की कृषी केंद्रासमोर युरियाच्या बॅगा हलू लागतात. कापसाला, मक्याला नेणारे नेतातच. पण सोयाबीनला नेणाराही आता संकोचत नाही. एक काळ असा होता की सोयाबीनवर युरिया फेकणाऱ्याला शेजारचे हसत. आता न फेकणाऱ्यालाच धुऱ्यावर उभे राहून विचारतात, ‘काऊन भाऊ, औंदा हात आखडला?’

या बदलाचा दोष एकट्या दुकानदाराच्या माथी मारून भागणार नाही. त्यामागे एक रीतसर युक्तिवाद उभा राहिला आहे आणि तो मांडणारे अडाणी नाहीत. चर्चासत्रांत, शिवारफेऱ्यांत, एकरी विक्रमी उताऱ्याच्या व्हिडिओंत तो साधारण असा येतो. सोयाबीनच्या दाण्यात चाळीस टक्के प्रथिने असतात. प्रथिने म्हणजे नत्र. एक टन दाणे तयार व्हायचे तर पिकाला ऐंशी किलोच्या आसपास नत्र उचलावे लागते. मुळांवरच्या गाठी त्यातले निम्मे, फार तर साठ टक्के पुरवतात. मग उरलेले कुठून येणार? ‘वरून पडणार आहे का?’ असे वक्त्याने विचारले की मांडवात हशा पिकतो आणि युरियाचा दुसरा हप्ता एकमताने मंजूर होतो.

यातले आकडे खरे आहेत. २००८ साली ‘फील्ड क्रॉप्स रिसर्च’ या नियतकालिकात फर्नांडो सॅल्व्हाजिओट्टी आणि सहकाऱ्यांनी सोयाबीन आणि नत्र या विषयावरच्या जगभरातल्या चाचण्यांचा मोठा आढावा घेतला. टनामागे ऐंशी किलो आणि पन्नास-साठ टक्के, हे दोन्ही आकडे त्या आढाव्याशी जुळतात. पण त्याच आढाव्यात आणखी दोन गोष्टी आहेत आणि व्यासपीठावरून नेमक्या त्याच गाळल्या जातात. पहिली अशी की जमिनीच्या वरच्या थरात नत्रखत जसजसे वाढवावे, तसतसे मुळांवरचे स्थिरीकरण झपाट्याने उतरत जाते. दुसरी अशी की नत्रखताला उत्पादनाचा प्रतिसाद मिळण्याची शक्यता वाढते ती हेक्टरी साडेचार टनांच्या पुढच्या पिकात. साडेचार टन म्हणजे एकरी अठरा क्विंटल. आपली राज्याची सरासरी हेक्टरी दहा ते तेरा क्विंटलांत, म्हणजे एकरी चार-पाच क्विंटलांत घुटमळते आहे. अठरा क्विंटलवाल्याचे दुखणे पाच क्विंटलवाल्याच्या अंगावर चिकटवायचे आणि मग औषध द्यायचे, असा हा कारभार आहे.

आता ‘उरलेले कुठून येणार’ या प्रश्नाचा हिशेब मांडू. एकरी पाच क्विंटल उतारा धरला तर पिकाची एकूण गरज चाळीस किलो नत्राची. गाठींनी निम्माच वाटा उचलला असे धरले, तरी वीस किलो तिथून आले. पेरणीबरोबर डीएपीची एक बॅग पडली असेल तर तिच्यात नऊ किलो नत्र आहे. राहिले अकरा. आपल्या काळ्या जमिनीत सेंद्रिय कर्ब अर्धा टक्का असला, म्हणजे अगदी बेताचा असला, तरी वरच्या पंधरा सेंटिमीटरच्या थरात हेक्टरी हजार किलोच्या घरात नत्र सेंद्रिय रूपात बांधलेले असते. त्यातला दोन-तीन टक्के भाग दर हंगामात कुजून मोकळा होतो. मृगाच्या पहिल्या दमदार पावसानंतर तापलेल्या मातीत ही क्रिया एकदम उसळते. त्या आठवड्यात पिके हिरवीगार दिसतात ती उगाच नाही. म्हणजे एकरी आठ ते बारा किलो वरच्या थरातून, आणि खालच्या थरातले वेगळे. हा ढोबळ हिशेब आहे, प्रत्येक वावराचा निराळा निघेल. पण पाच क्विंटलांच्या पिकाला नत्राची जी दरी म्हणून दाखवली जाते, ती कागदावर तरी भरून निघालेली आहे. आणि युरियाच्या पंचेचाळीस किलोच्या एका बॅगेत जवळजवळ एकवीस किलो नत्र असते, म्हणजे न दिसणारी दरी बुजवायला दुप्पट माती.

यावर नेहमीचे उत्तर असते, ‘बरं, जास्त झालं तर झालं. पिकाला लागेल तेवढं घेईल, बाकीचं राहील पडून.’ सगळा घोटाळा या वाक्यात आहे.

नत्र पडून राहत नाही आणि पीकही नुसते ‘लागेल तेवढे’ घेत बसत नाही. गाठ कशी तयार होते ते पाहा. सोयाबीनचे कोवळे मूळ मातीत काही संदेशद्रव्ये सोडते, ब्रॅडीरायझोबियम जातीचे जिवाणू त्यांना प्रतिसाद देतात, केशमुळांतून आत शिरतात आणि तिथे गाठ धरते. पेरणीपासून दोन-तीन आठवड्यांत गाठी डोळ्यांना दिसू लागतात. गाठीतला जिवाणू हवेतला नत्रवायू फोडून पिकाला देतो आणि त्या बदल्यात पान त्याला साखर पाठवते. ही साखर थोडीथोडकी नसते, म्हणून झाड त्याबाबतीत काटेकोर असते. मुळाभोवती आयते नायट्रेट मिळू लागले की झाड नव्या गाठी धरू देत नाही, धरलेल्या गाठींची वाढ रोखते आणि चालू असलेल्या गाठींतले काम मंद करते. युरिया काळ्या जमिनीत ओलीवर पडला की दोन-चार दिवसांत त्याचे अमोनियम होते आणि पुढच्या आठवडा-पंधरवड्यात नायट्रेट. आपण हप्ता देतो केव्हा? पंचविसाव्या-तिसाव्या दिवशी. गाठी नुकत्या गुलाबी होऊन कामाला लागलेल्या असतात, त्याच मुहूर्तावर.

म्हणजे बॅगेतले एकवीस किलो पिकाच्या खात्यात जमा होत नाहीत. काही अमोनिया होऊन उडते, कारण आपल्या जमिनी विम्लधर्मी आणि युरिया बहुधा वरवर फेकलेला. काही पाण्याबरोबर जाते. आणि जे मुळापर्यंत पोहोचते ते फुकट मिळणाऱ्या नत्राची जागा घेते. पीक मात्र आठ दिवसांत गर्द होते, हे खरे. शेतकऱ्याचा विश्वास बसतो तो त्या रंगावर. पण सोयाबीन आपण पानासाठी पेरत नाही. जास्तीच्या नत्राने कांडी लांबते, पीक दाटते, खाली हवा खेळत नाही, शेंगा धरायच्या वेळी लोळते. लुसलुशीत पाल्यावर अळी आणि रसशोषक किडी अधिक येतात आणि फवारणीचा खर्च एका हाताने वाढतो. ऑगस्टमध्ये सगळ्यांत देखणे दिसणारे रान ऑक्टोबरच्या काट्यावर पहिले येईलच असे नाही, हे ज्याने चार हंगाम सोयाबीन मळले आहे त्याला सांगायला नको.

आता या युक्तिवादाचे अधिक तगडे रूप घेऊ, कारण दुबळ्या रूपाला उत्तर देऊन मोकळे होणे सोपे असते. जाणकार मंडळी म्हणतात: गाठींचे काम शेंगा लागताना शिगेला पोहोचते आणि दाणे भरू लागले की उतरते. नत्राची गरज मात्र तेव्हाच सर्वांत जास्त. मग पीक आपल्याच पानांतले नत्र उपसून दाण्यांत ओतते, पाने पिवळी पडून झडतात आणि पीक अकाली संपते. टॉमस सिंक्लेअर आणि सी. टी. डी विट या दोघांनी सत्तरच्या दशकाच्या मध्यावर हाच विचार मांडला होता. सोयाबीन स्वतःला खाऊन दाणे भरते, असे त्याचे सार. विचार तोलामोलाचा आहे. पण त्यातून पंचविसाव्या दिवशीच्या युरियाचे समर्थन कसे निघते, हे मला कळलेले नाही. दाणे भरायला लागतात साठाव्या दिवसानंतर. पंचविसाव्या दिवशी टाकलेला युरिया तोवर संपलेला असतो आणि जाता जाता गाठी कमी करून गेलेला असतो. ज्या काळात नत्र कमी पडते म्हणून ओरड, त्याच काळासाठी ते कमावणारे हात आपण आधीच कापून ठेवतो.

‘मग शेंगा भरताना टाकू.’ टाकून पाहणाऱ्यांनी पाहिले आहे. अमेरिकेत सोळा राज्यांतल्या दोनशेहून अधिक चाचण्यांचे आकडे एकत्र करून २०१८ साली एक विश्लेषण प्रसिद्ध झाले. नत्र किती, केव्हा, कसे द्यायचे यांबाबतच्या सगळ्या निर्णयांचा उत्पादनातल्या एकूण चढउतारातला वाटा एक टक्क्याच्याही आत निघाला. तिथली सरासरी आपल्या तिपटीच्या आसपास असते, पाऊस आणि जमीन तुलनेने साथ देणारी असते. तिथे जर एवढाच फरक, तर लातूर-वाशीमच्या कोरडवाहू रानात वेगळा चमत्कार कुठून होणार?

आपल्याकडे दाणे भरण्याच्या काळात अडते ते पाणी. २०२३ चा ऑगस्ट देशात १९०१ पासूनचा सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला. मराठवाड्यात त्या वर्षी शेंगा पोचट राहिल्या त्या नत्राअभावी नव्हेत. आणि इथे एक बारकावा आहे. सोयाबीनमध्ये पाण्याचा ताण पडला की पानांच्या अन्ननिर्मितीआधी गाठींचे काम मंदावते. म्हणजे खंड पडल्यावर नत्राची टंचाई येते ती खरी. पण तिचे मूळ कोरड्या मातीत असते आणि कोरड्या मातीवर भुरभुरलेला युरिया मुळापर्यंत जातच नाही. तेव्हा शेततळ्यातले एक संरक्षित पाणी जे करील ते चार बॅगा करणार नाहीत. उलट्या बाजूने, जुलैत आठ-दहा दिवस वावरात पाणी तुंबले तर गाठी गुदमरतात, कारण त्यांना श्वास घ्यायला हवा लागते. तिथे उपाय चर काढण्याचा, रुंद वरंबा-सरीवर पेरण्याचा. अशी पेरणी करणारे बीबीएफ यंत्र हे नत्राचेही यंत्र आहे, असे कुणी शिवारफेरीत सांगत नाही.

पिवळेपणाचा मुद्दा यालाच जोडून येतो आणि माझ्या मते सर्वांत जास्त युरिया याच गैरसमजापायी मातीत जातो. पीक पिवळे पडले की नत्र कमी, असा एक सरधोपट नियम आपल्या डोक्यात बसला आहे. सोयाबीन पिवळे पडण्याची निदान तीन कारणे वेगवेगळी ओळखता येतात. नत्र कमी असेल तर खालची, जुनी पाने आधी आणि सगळीकडे सारखी फिकट होतात. चुनखडीच्या जमिनीत, विशेषतः झडीनंतर, वरची कोवळी पाने पिवळी पडतात आणि शिरा हिरव्या राहतात. ही लोहाची कमतरता. आणि पानांवर पिवळे-हिरवे चट्टे ठिगळासारखे असतील, इकडे-तिकडे विखुरलेली झाडे तशी दिसत असतील, तर तो पांढऱ्या माशीने पसरवलेला पिवळा मोझॅक. आपल्या भारी, चुनखडीयुक्त रानांत जुलैचा पिवळेपणा पुष्कळदा दुसऱ्या प्रकारचा असतो. त्यावर उपाय फेरस सल्फेटच्या फवारणीचा. तिथे युरिया टाकला तर काय होते? मातीत नायट्रेट वाढले की सोयाबीनमधली लोहाची कमतरता आणखी बळावते, हे चुनखडीच्या जमिनींवरच्या संशोधनातून दिसलेले आहे. आणि मोझॅकच्या रानात युरिया म्हणजे पांढऱ्या माशीला कोवळी पालवी वाढून देणे. तिन्ही पिवळ्यांना एकच औषध देणारा सल्लागार पिकाकडे पाहत नाही, गोदामाकडे पाहतो.

ब्राझीलचे उदाहरण दिले की मंडळी चिडतात. ‘तिकडचं तिकडे,’ म्हणतात. तिकडचे जरूर पाहावे. साठच्या दशकात तिथे सोयाबीन पसरू लागले तेव्हा नत्रखताच्या आधाराने पीक घेण्याचा विचार होताच. योहाना डोबेराइनर या मृदसूक्ष्मजीवशास्त्रज्ञ बाईंनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हट्ट धरला की जिवाणूंवर काम करायचे आणि वाण निवडतानाही नत्रखताशिवायच्या रानात निवडायचे. या दुसऱ्या अटीचे मोल मोठे आहे. भरपूर खताच्या प्रक्षेत्रावर वाण निवडत गेलो, तर ज्यांच्या गाठी आळशी आहेत असे वाणही पुढे सरकतात आणि त्यांचे दुबळेपण कळतच नाही. पुढे एम्ब्रापा या तिथल्या सरकारी संशोधन संस्थेत मारियांजेला हुंग्रिया यांनी हे काम दशकानुदशके चालवले. २०२५ चा जागतिक अन्न पुरस्कार त्यांना मिळाला. आज ब्राझील चार कोटी हेक्टरांहून अधिक क्षेत्रावर सोयाबीन घेतो, हेक्टरी तीन टनांच्या वर घेतो आणि त्याला नत्रखत जवळजवळ देत नाही. शेतकरी दर हंगामात नव्याने जिवाणूंची प्रक्रिया करतो.

यातून आपल्यालाही तीन टन पिकेल असा अर्थ कुणी काढू नये. त्यांचा पाऊस वेगळा, दिवसाची लांबी वेगळी, वाण वेगळे. पण एवढे सिद्ध होते की तीन टनांपर्यंतच्या पिकाला गाठी आणि जमीन मिळून नत्र पुरवू शकतात. मग एक-सव्वा टनाच्या पिकाचे घोडे नत्रावर अडले आहे असे म्हणणाऱ्याने आधी पुरावा द्यावा. ‘गाठी पुरत नाहीत’ हे वाक्य अर्धवट आहे. आपल्या रानातल्या गाठी पुरत नसतील तर का पुरत नाहीत, तो खरा प्रश्न.

आणि त्या प्रश्नाचे उत्तर आपल्याला लाज आणणारे आहे. जिवाणू संवर्धकाचे पाकीट भर उन्हाळ्यात पत्र्याच्या दुकानात कीटकनाशकांच्या खोक्याशेजारी पडून असते. विदर्भात मे महिन्यात पारा पंचेचाळीसला टेकतो. त्या पत्र्याखाली काय जिवंत राहत असेल? खत नियंत्रण आदेशाप्रमाणे भुकटीच्या संवर्धकात ग्रॅममागे पाच कोटी आणि द्रवरूपात मिलिलिटरमागे दहा कोटी जिवंत जिवाणू हवेत. हा आकडा पाकीट कारखान्यातून निघताना तपासून उपयोग नाही, शेतकऱ्याच्या हातात पडताना तपासला पाहिजे. पुढे घरी आल्यावर बुरशीनाशक, कीटकनाशक आणि जिवाणू एकाच घमेल्यात कालवले जातात. बीज कंपनीने आधीच रंगीत औषध चोळून दिलेल्या बियाण्यावर तर बहुतेक जण प्रक्रियाच करत नाहीत. विद्यापीठे वर्षानुवर्षे सांगत आली आहेत: आधी बुरशीनाशक, मग कीटकनाशक, सगळ्यांत शेवटी आणि पेरणीच्या तोंडावर जिवाणू, बियाणे सावलीत सुकवायचे आणि लगेच पेरायचे. दहा किलो बियाण्याला अडीचशे ग्रॅमचे पाकीट म्हटले, तर एकराच्या बियाण्याला दोन-तीन पाकिटे लागतात. युरियाच्या एका बॅगेच्या २६६ रुपयांच्या आत हे काम होते. पण पाकिटाची जाहिरात कुणी करत नाही, कारण त्यात कुणाचे फारसे सुटत नाही.

सोयाबीन जिथे पंचवीस-तीस वर्षे होते आहे तिथल्या मातीत हे जिवाणू आधीच असतात, मग पाकीट कशाला, असा एक आक्षेप येतो. तो रास्त आहे. अशा रानात प्रक्रियेचा फायदा दर वर्षी दिसेलच असे नाही आणि पाकीटवाल्यांनीही छातीठोक टक्केवाऱ्या सांगणे थांबवावे. मात्र उन्हाळाभर तापलेल्या उघड्या रानात टिकून राहणारा जिवाणू कामालाही चांगला असतोच असे नाही, आणि पाकिटाचा खर्च इतका कमी आहे की एखाद्या वर्षी फायदा झाला नाही तरी तोटा नगण्य.

याच ओघात दुसऱ्या टोकाच्या मंडळींनाही दोन शब्द. ‘सोयाबीन जमिनीला नत्र देतं, त्याला एक दाणा खत लागत नाही’ हे वाक्यही तितकेच ढिले आहे. बारा-साडेबारा क्विंटल दाण्यांबरोबर हेक्टरी पंच्याहत्तर-ऐंशी किलो नत्र वावराबाहेर जाते. गाठींनी एकूण गरजेच्या निम्मेच पुरवले असेल तर तो पन्नास किलोचा वाटा झाला. म्हणजे वजाबाकीत जमीन देणेकरी राहते, आणि वर कुटार विकले किंवा गंजी लावली तिथेच पेटवून दिले तर अधिकच. जुने शेतकरी मूग-उडदाचा, भुईमुगाचा बेवड चांगला म्हणत. सोयाबीनचा बेवड आपोआप चांगला होत नाही. तो चांगला करायचा तर गाठींचा वाटा सत्तर-ऐंशी टक्क्यांवर न्यावा लागतो आणि झडलेला पाला, कुटार रानात जिरवावे लागते. म्हणजे या बाजूनेही वाट गाठींवरूनच जाते. सोयाबीनवर हरभरा, हरभऱ्यावर पुन्हा सोयाबीन हा जो फेरा पडला आहे, त्यात मिळालेले नत्र वापरणारे तृणधान्यच उरलेले नाही. खरिपाची ज्वारी आपण केव्हाच घालवून बसलो.

पेरणीच्या वेळचे थोडे नत्र मीही नाकारत नाही. गाठी कामाला लागेपर्यंतच्या दोन-तीन आठवड्यांसाठी ते असते. मात्र ‘थोडे’ म्हणजे किती, याबाबत आपल्या संस्थांनी शेतकऱ्याला वाऱ्यावर सोडले आहे. विदर्भ-मराठवाड्यात नत्र-स्फुरद-पालाश हेक्टरी ३०:६०:३० सांगतात, राहुरी कृषी विद्यापीठाची शिफारस ५०:७५:४५, इंदूरची सोयाबीन संशोधन संस्था मध्य विभागाला नत्र २५ किलो म्हणते. हवामान-जमीन वेगळी म्हणून आकडे वेगळे असतील. पण पंचवीस आणि पन्नास यांत दुपटीचा फरक आहे आणि तो का, हे शेतकऱ्याला कळेल अशा भाषेत कुठे सांगितलेले दिसत नाही. ज्याला खत विकायचे आहे तो अर्थातच पन्नासवर बोट ठेवतो.

त्यात भर दुकानातल्या उपलब्धतेची. ३०:६०:३० म्हणजे एकरी १२ किलो नत्र आणि २४ किलो स्फुरद. डीएपीची एक बॅग घेतली तर ९ आणि २३, जवळजवळ नेमके. पण पेरणीच्या तोंडावर डीएपी मिळत नाही, मिळाले तर लिंकिंगमध्ये नको असलेली बाटली गळ्यात पडते. मग शेतकरी २०:२०:०:१३ हे खत उचलतो. त्यातून २४ किलो स्फुरद गाठायचे तर जवळपास अडीच बॅगा लागतात आणि त्यांबरोबर २४ किलो नत्रही पेरले जाते. म्हणजे युरियाचा हप्ता न देताच शिफारशीच्या दुप्पट. एकच बॅग टाकली तर नत्र ठीक, पण स्फुरद निम्म्याहून कमी, आणि गाठींना स्फुरद हवेच असते. यापेक्षा सिंगल सुपर फॉस्फेटच्या तीन बॅगा आणि पंचवीस किलो युरिया पेरणीबरोबर दिला तर नत्र-स्फुरद दोन्ही बरोबर बसतात आणि तेलबियांना लागणारे सोळा किलो गंधकही त्यातच येते. ओझे जास्त, बॅग दिसायला गबाळी, म्हणून सुपरला कुणी विचारत नाही.

‘पण अमक्याने दोन हप्ते देऊन एकरी पंधरा क्विंटल काढले!’ हा शेवटचा हुकमाचा पत्ता. काढले असतील, तसे शेतकरी आहेत आणि त्यांच्या कष्टाला माझा नमस्कार. पण त्या प्लॉटवर गादीवाफा होता, टोकण होती, झाडांत अंतर होते, ठिबक होते, नवे वाण होते, शेणखत होते, वेळेवर फवारण्या होत्या. एवढ्या गोष्टी एकदम बदलल्यावर पंधरा क्विंटलांचे श्रेय एकट्या युरियाला कोणत्या न्यायाने? त्याच प्लॉटमध्ये चार तासे बिनहप्त्याची ठेवली होती का? ठेवली असतील आणि ती मागे पडली असतील, तर मी माझे म्हणणे त्या रानापुरते मागे घेईन. दहा वर्षांत अशी चार तासे ठेवलेले विक्रमी प्लॉट माझ्या पाहण्यात आले नाहीत.

वरून नत्र द्यावे असे प्रसंग आहेत. पहिल्यांदाच सोयाबीन घेतलेले बरड रान, जिवाणू प्रक्रिया झालेली नाही, पस्तिसाव्या दिवशी मुळे उघडून पाहिली तर गाठी नाहीत किंवा आहेत त्या पांढऱ्या. तिथे युरिया द्या, बिनधास्त द्या. पाणी ओसरलेल्या, गुदमरलेल्या रानात पिकाला सावरायला दोन टक्क्यांच्या युरियाची फवारणी करा. एकराला दोनशे लिटर पाण्यात चार किलो युरिया लागतो, त्यात दोन किलोहूनही कमी नत्र असते आणि ते थेट पानाला मिळते. हा निर्णय मुळे पाहून झालेला असतो. तारीख पाहून झालेला हप्ता आणि मुळे पाहून झालेला हप्ता यांत मी फरक करतो आणि माझे सारे भांडण पहिल्याशी आहे.

तेव्हा येत्या खरिपात एवढे करा. पेरणीनंतर पस्तीस ते पंचेचाळीस दिवसांच्या दरम्यान रानात पाच-सहा ठिकाणी झाड कुदळीने मातीसकट उचला. हिसका मारून उपटू नका, गाठी मातीत तुटून राहतात. मुळे पाण्यात हलवून धुवा, सोटमुळाच्या वरच्या भागावरच्या गाठी मोजा आणि पाच-दहा गाठी नखाने फोडा. आतून गुलाबी-लालसर असतील तर बॅग परत करा. तरी हप्ता द्यावासा वाटलाच तर वावराच्या मधोमध आठ तासे युरियाशिवाय सोडा, त्यांची गंजी वेगळी लावा, मळणी वेगळी करा आणि दोन्हींचे वजन काट्यावर करा. आलेले आकडे गावच्या पुढच्या शिवारफेरीत उभे राहून वाचून दाखवा, आणि व्यासपीठावरच्या पाहुण्यांना त्यांचे आकडे मागा.